साल कोणतं, गाव कोणतं? : होलोकॉस्टमधल्या ज्यू मुलांची पुस्तकं निवडताना

नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी होलोकॉस्टवरचं, म्हणजे हिटलरच्या नाझी राजवटीने केलेल्या ज्यूंच्या संहारावरचं, पुस्तक शोधणारे पालक आणि शिक्षक बहुतेक वेळा एकच गोष्ट विचारतात: फार भयंकर नाही ना? प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या उत्तरावरून पुस्तक निवडता येत नाही. त्याआधी दोन साधे प्रश्न विचारायला हवेत. गोष्ट कोणत्या साली घडते? आणि कोणत्या गावात? 1933 चं बर्लिन, 1942 चं ॲमस्टरडॅम, 1943 चं कोपनहेगन आणि त्याच साली वॉर्सा या चार ठिकाणच्या ज्यू मुलांच्या आयुष्यात इतकं अंतर होतं, की एकावरचं पुस्तक वाचून दुसऱ्याबद्दल बोलायला गेलं तर हमखास चूक होते.

आधी थोडी पार्श्वभूमी. हिटलर 30 जानेवारी 1933 ला जर्मनीचा चॅन्सेलर झाला. तेव्हा जर्मनीत ज्यू होते सुमारे पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. पुढे युद्धात जर्मनीने युरोपचा बराच भाग व्यापला आणि 1945 पर्यंत साठ लाख ज्यूंची हत्या झाली. त्यांत सुमारे पंधरा लाख मुलं होती. ज्यू कोण, हे माणूस काय मानतो यावर ठरत नव्हतं. 1935 च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनंतर आजी-आजोबा मोजले जात: चारांपैकी तीन किंवा चार ज्यू असले की तुम्ही ज्यू. घरात कोणी प्रार्थनेला जात नसलं, अगदी धर्म बदललेला असला, तरी सुटका नव्हती. बऱ्याच पुस्तकांतलं मूल सुरुवातीला गोंधळलेलं असतं, 'आपण ज्यू म्हणजे नक्की काय?' असं विचारतं, ते यामुळे.

कायदे मुलांच्या दप्तरापर्यंत कसे पोचले, हे कळलं की ही पुस्तकं निम्मी समजतात. 25 एप्रिल 1933 च्या कायद्याने जर्मन शाळा-महाविद्यालयांत नव्या प्रवेशांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांचं प्रमाण दीड टक्क्यावर आणलं. 15 नोव्हेंबर 1938 पासून ज्यू मुलांना सरकारी शाळेचे दरवाजे पूर्ण बंद झाले. त्याच आठवड्यात सिनेमा-नाटकही बंद. 1 जानेवारी 1939 पासून ज्यू मुलीच्या नावापुढे 'सारा' आणि मुलाच्या नावापुढे 'इस्राएल' लावणं सक्तीचं झालं. सरकारी यादीतल्या 'ज्यू' नावांपैकी एखादं नाव आधीच असलं तरच त्यातून सूट. सप्टेंबर 1941 मध्ये सहा वर्षांवरच्या प्रत्येकाला कपड्यावर पिवळी चांदणी शिवावी लागली. मे 1942 मध्ये कुत्रं-मांजर पाळायला बंदी आली. जून 1942 संपताना ज्यूंच्या स्वतःच्या शाळाही बंद केल्या गेल्या.

या यादीत कुठे बंदूक नाही, तरी दहा वर्षांच्या मुलाला ती पटकन भिडते. शाळा, पोहण्याचा तलाव, सायकल, मांजर हेच त्याचं जग असतं. जे लेखक चांगले आहेत ते इथेच रेंगाळतात.

रेंगाळण्यामागे आणखी एक कारण आहे, आणि या विषयावरची बरीवाईट पुस्तकं वेगळी करायला ते फार उपयोगी पडतं. गोष्टीला वेळ लागतो. पात्राला सकाळ हवी, संध्याकाळ हवी, मैत्री व्हायला काही दिवस हवेत. मृत्युछावणीत आणलेल्या लहान मुलाला तेवढा वेळ दिलाच जात नव्हता. जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमधल्या आउशवित्झ छावणीत सुमारे 2 लाख 32 हजार मुलं आणि किशोरवयीन नेले गेले, त्यांतले सुमारे 2 लाख 16 हजार ज्यू होते. जे कामाला चालतील असे दिसत नसत, म्हणजे बहुतेक सगळी लहान मुलं, त्यांना आल्या आल्या काही तासांत गॅस चेंबरमध्ये मारलं जाई. 27 जानेवारी 1945 ला छावणी मुक्त झाली तेव्हा तिथे अठराच्या आतले सुमारे सातशे जण जिवंत सापडले. म्हणून मुलांसाठीची प्रामाणिक पुस्तकं बहुधा छावणीच्या आधी घडतात, किंवा लपून राहण्याच्या जागेत, किंवा पळताना, किंवा घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत. छावणीच्या आत निवांत चालणारी लहान मुलाची गोष्ट समोर आली की आधी शंका घ्यावी.

पळालेली मुलं

सर्वांत लहान वाचकांसाठी, म्हणजे साधारण नऊ वर्षांपासून, ज्युडिथ कर यांचं 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' (1971) आजही पहिल्या क्रमांकावर ठेवावं असं आहे. कर 1923 मध्ये बर्लिनला जन्मल्या. वडील नाट्यसमीक्षक आणि नाझींचे उघड टीकाकार. पासपोर्ट जप्त होणार अशी कुणकुण लागल्यावर ते 1933 च्या फेब्रुवारीत निघून गेले आणि मार्चच्या निवडणुकीच्या तोंडावर कुटुंबही मागोमाग गेलं: स्वित्झर्लंड, मग पॅरिस, मग लंडन. पुस्तकातल्या ॲनाला एकच खेळणं सोबत न्यायची परवानगी मिळते. ती नवा लोकरीचा कुत्रा उचलते, जुना गुलाबी ससा मागे राहतो. पुस्तकाचं नाव त्या सशावरून.

पुस्तक लिहिण्यामागचं कारण मजेशीर आहे. 'द साउंड ऑफ म्युझिक' पाहून आल्यावर करबाईंचा मुलगा म्हणाला, आई लहान असताना कसं होतं ते आता कळलं. तसं नव्हतं, हे सांगण्यासाठी त्यांनी लिहायला घेतलं.

यात मारहाण जवळजवळ नाही. पण पुस्तक गुळगुळीतही नाही. बर्लिनमध्येच राहिलेल्या ज्युलियस काकांना आधी नोकरी गमवावी लागते, मग प्राणिसंग्रहालयाचा पास काढून घेतला जातो. ती त्यांची शेवटची विरंगुळ्याची जागा होती. पुढे ते झोपेच्या गोळ्या घेऊन जीव संपवतात. लेखिका हे दोन-तीन वाक्यांत सांगते, पण मोठ्याने वाचून दाखवणाऱ्याने ते पान आधी स्वतः वाचून ठेवावं. वर्गात अचानक तिथे पोचलं तर गडबड होते.

पळालेल्या मुलांचा दुसरा मोठा गट म्हणजे किंडरट्रान्सपोर्ट. नोव्हेंबर 1938 मध्ये ज्यूंवर झालेल्या हिंसाचारानंतर ब्रिटनने सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना, पण आईवडिलांशिवाय, यायची मुभा दिली. पहिली तुकडी 2 डिसेंबर 1938 ला हारविच बंदरात उतरली. युद्ध सुरू होईपर्यंत सुमारे दहा हजार मुलं आली. प्रागहून निकोलस विंटन आणि सहकाऱ्यांनी आठ गाड्यांतून 669 मुलं बाहेर काढली. नववी गाडी 1 सप्टेंबर 1939 ला निघायची होती, त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि ती सुटलीच नाही. या विषयावरच्या पुस्तकांत एक खोट नेहमी आढळते: गाडी लंडनला पोचली की गोष्ट संपते. प्रत्यक्षात बहुतेक मुलांना आईवडील पुन्हा दिसले नाहीत, काहींना परक्या घरांत मोलकरणीसारखं वागवलं गेलं आणि कित्येक मुलं मातृभाषाच विसरून गेली. स्टेशनवरच्या मिठीनंतर निदान एखादं प्रकरण तरी आहे का, ते पाहून घ्यावं.

शेजारी

लोइस लोरी यांचं 'नंबर द स्टार्स' (1989) डेन्मार्कमधलं आहे. ते शाळांत फार वाचलं जातं, आणि त्यामुळेच जपून वाचायला हवं. त्यातली सुटकेची गोष्ट खऱ्या घटनांवर बेतली आहे. सप्टेंबर 1943 च्या शेवटी जर्मन वकिलातीतल्या गेओर्ग डुक्वित्झने धरपकडीची आगाऊ खबर दिली, 29 सप्टेंबरला कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, राब्बींनी (धर्मगुरूंनी) लोकांना घरी न थांबण्याचा निरोप दिला, आणि पुढच्या काही आठवड्यांत मच्छीमारांच्या होड्यांतून सुमारे 7,200 ज्यू आणि त्यांचे सुमारे 700 ज्यू नसलेले नातलग स्वीडनला पोचले. पुस्तकात एक हातरुमाल आहे, ज्याचा वास घेतल्यावर कुत्र्यांचं नाक बधिर होतं. मुलांना ही लेखिकेची थाप वाटते. पण तसे रुमाल खरंच होते: वाळवलेल्या सशाच्या रक्ताने कुत्रं जवळ यायचं आणि त्यात मिसळलेल्या कोकेनने त्याचं हुंगणं बंद पडायचं.

या पुस्तकासोबत डेन्मार्कच्या राजाची एक लोककथा चिकटून येते, की ज्यूंना चांदणी लावायला सांगितल्यावर राजानेही स्वतः लावली. हे घडलेलं नाही. डेन्मार्कमध्ये चांदणीची सक्ती कधी झालीच नव्हती.

आता जपून वाचायचं ते यासाठी. डेन्मार्क अपवाद होता. नेदरलँड्समध्ये सुमारे 1 लाख 40 हजार ज्यू होते, त्यांतले एक लाखाहून अधिक मारले गेले, चारांतले तीन. फक्त सुटकेच्या गोष्टी वाचलेलं मूल असं धरून चालतं, की प्रत्येक ज्यू कुटुंबाला एक चांगला शेजारी होता. इस्राएलमधल्या याद वाशेम या संस्थेने ज्यूंना वाचवणारे म्हणून आजवर सुमारे अठ्ठावीस हजार लोकांचा गौरव केला आहे. ही संख्या अख्ख्या युरोपातली, आणि युरोपात राहत होते कोट्यवधी.

त्यामुळे 'नंबर द स्टार्स' नंतर बारा वर्षांच्या आसपास हान्स पेटर रिख्टर यांचं 'फ्रीडरिश' (मूळ जर्मन, 1961) द्यावं. लेखक स्वतः जर्मन, 1925 चा जन्म, नंतर जर्मन सैन्यात होता. गोष्ट सांगणारा मुलगा ज्यू नाही आणि त्याला शेवटपर्यंत नाव दिलेलं नाही. एकाच इमारतीत वर-खाली राहणारी दोन कुटुंबं, दोन्ही मुलं 1925 मध्येच जन्मलेली. प्रत्येक प्रकरणापुढे साल आहे. सांगणाऱ्याचे वडील वाईट माणूस नाहीत; बेकार असतात, नोकरी मिळावी म्हणून पक्षात जातात, आणि मग फ्रीडरिशच्या वडिलांना हळूच सांगतात, देश सोडा. 1942 मध्ये बॉम्बहल्ला चालू असताना फ्रीडरिश तळघराच्या दाराशी येतो. घरमालक त्याला आत घेत नाही. आत बसलेल्या काहींना ते आवडत नाही, पण दार कोणी उघडत नाही. फ्रीडरिश इमारतीच्या पायरीवर मरतो.

पुस्तकाच्या शेवटी ज्यूंविरुद्धच्या कायद्यांची तारीखवार यादी आहे. काही वाचक ती पानं उलटून टाकतात. उलटून टाकू नयेत. प्रत्येक प्रकरण वाचताना त्या सालचा कायदा काढून पाहिला तर दोन पानांची साधी घटना अचानक वेगळी दिसायला लागते.

ॲन फ्रँकची डायरी: कोणती प्रत, कोणतं वय

मराठीत अनुवादामुळे सगळ्यांत परिचित असलेलं हेच पुस्तक, आणि सगळ्यांत लवकर हातात दिलं जाणारंही हेच. नऊ-दहाव्या वर्षी दिलेली डायरी बहुतेक मुलं चाळिसाव्या पानावर सोडतात. त्यांना ती भयंकर वाटत नाही, कंटाळवाणी वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही. आठ माणसं, बंद खोल्या, आईशी भांडण, पहिलं प्रेम, आपण कोण होणार याचा विचार: हा तेरा-चौदाचा मजकूर आहे. लिहिणारीचं वयही तेच होतं.

ॲन 12 जून 1929 ला फ्रँकफुर्टमध्ये जन्मली. हिटलर सत्तेवर आल्यावर कुटुंब ॲमस्टरडॅमला गेलं. तेराव्या वाढदिवसाला वही मिळाली, आणि 6 जुलै 1942 ला सगळे प्रिन्सेनग्राख्ट 263 मधल्या कार्यालयाच्या मागच्या घरात लपायला गेले. डच नाव 'आख्टरहाउस', शब्दशः 'मागचं घर'. कालव्याकाठची ती घरं समोरून अरुंद आणि आत खोलवर असतात, मागे दुसरी इमारत जोडलेली. जुन्या वाड्यातला मागचा चौक पाहिलेल्याला ही रचना पटकन कळेल. पोटमाळ्यावर लपले होते, असं जे सर्रास सांगितलं जातं, ते अर्धवट आहे. पोटमाळा होता, पण खाली दोन मजल्यांवर खोल्याही होत्या. दारापुढचं पुस्तकांचं फिरतं कपाट नंतर, ऑगस्टमध्ये बसवलं.

आता प्रतींचा घोळ. 28 मार्च 1944 ला लंडनहून होणाऱ्या डच रेडिओवर, तिथे आश्रय घेतलेल्या डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन म्हणाले, की युद्धानंतर लोकांच्या डायऱ्या आणि पत्रं गोळा करायची आहेत. ते ऐकून ॲनने मे महिन्यात सुट्या कागदांवर आपली डायरी नव्याने लिहायला घेतली: काही गाळलं, काही वाढवलं, माणसांना टोपणनावं ठरवली. म्हणजे तिच्या हातच्याच दोन प्रती आहेत. अभ्यासक त्यांना अ आणि ब म्हणतात. ब प्रत 29 मार्च 1944 च्या नोंदीपर्यंत पोचली आणि थांबली. अ प्रतीतली डिसेंबर 1942 ते डिसेंबर 1943 ची वही हरवलेली आहे. छावणीतून परत आलेल्या वडिलांनी, ओटो फ्रँक यांनी, दोन्हींतून निवडून तिसरी प्रत केली आणि ती 25 जून 1947 ला छापली गेली. 1991 मध्ये त्यांनी गाळलेला बराच मजकूर परत घालून मोठी आवृत्ती निघाली. आईबद्दलचे कडवट उल्लेख, शरीराबद्दलची उत्सुकता त्यात जास्त आहे. दोन मैत्रिणींच्या हातातल्या पुस्तकांत एकाच तारखेला वेगळा मजकूर दिसला तर त्यात लबाडी नाही, आवृत्तीचा फरक आहे. हे आधी सांगितलेलं बरं, कारण 'डायरी बनावट आहे' असं म्हणणारे लोक नेमका हाच धागा ओढतात.

प्रत विकत घेताना शेवटची पानं पाहा. डायरी 1 ऑगस्ट 1944 ला थांबते, कारण 4 तारखेला सगळे पकडले गेले. नेदरलँड्समधली वेस्टरबोर्कची छावणी, 3 सप्टेंबरची आउशवित्झची गाडी, मग बेर्गेन-बेल्सेन, आणि 1945 च्या सुरुवातीला मृत्यू, यांतलं काहीच डायरीत असू शकत नाही. जोडलेलं टिपण नसेल तर मुलाच्या हातात शेवट नसलेलं पुस्तक पडतं, आणि 'मग?' या प्रश्नाला इंटरनेट उत्तर देतं.

पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याबद्दल

'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' (जॉन बॉइन, 2006) हे जगभर खपलेलं पुस्तक आणि त्यावरचा सिनेमा घराघरांत पोचला आहे. आउशवित्झ स्मारकाने जानेवारी 2020 मध्ये जाहीरपणे सांगितलं, की होलोकॉस्ट शिकणाऱ्याने किंवा शिकवणाऱ्याने हे पुस्तक टाळावं. का, ते वर सांगितलेल्या साल-गावाच्या कसोटीला लावून पाहू.

गोष्टीत छावणीच्या सेनाधिकाऱ्याचा नऊ वर्षांचा मुलगा ब्रूनो कुंपणापाशी रोज जातो आणि पलीकडच्या त्याच वयाच्या श्मुएलशी महिनोन् महिने गप्पा मारतो. नऊ वर्षांचं ज्यू मूल तिथे इतके दिवस जिवंत राहणं हा विरळा अपवाद होता. कुंपणातून वीज सोडलेली असे आणि टेहळणीचे मनोरे होते. जर्मन अधिकाऱ्याच्या मुलाला ज्यू म्हणजे काय हे माहीत नसणं तर अशक्यच. शाळेची पुस्तकं, रेडिओ, भिंतीवरची पोस्टरं, सगळीकडे तेच होतं. पण खरी अडचण शेवटी येते. ब्रूनो चुकून आत जातो आणि मारला जातो, आणि वाचक रडतो तो त्याच्यासाठी, त्याच्या आईवडिलांसाठी. शेकडो ज्यू त्याच खोलीत मरतात, त्यांना चेहरा नाही. जर्मनांना काही माहीतच नव्हतं, चुकून झालं, ही समजूत मुलाच्या मनात पक्की होते आणि नंतर ती काढायला फार कष्ट पडतात.

वाचलंच असेल तर बंदी घालून काही साधत नाही. शेजारी 'फ्रीडरिश' ठेवावं आणि एकच काम द्यावं: ही गोष्ट सांगणाऱ्याला काय माहीत होतं आणि ते कुठून कळलं, याची दोन्ही पुस्तकांतून नोंद करा. फरक मुलं स्वतः शोधतात.

कुंपणापलीकडून सफरचंद देणाऱ्या मुलीची एक 'सत्यकथा' 2008 मध्ये उघडी पडली. तिच्यावर मुलांचं चित्रपुस्तकही निघालं होतं, ते मागे घ्यावं लागलं. सांगणारा गृहस्थ छावणीतून वाचलेला होता हे खरं. सफरचंदाची गोष्ट मात्र रचलेली. 'सत्यघटनेवर आधारित' हा शिक्का पाहून विश्वास टाकू नये. मागच्या पानांवर लेखकाने काय खरं आणि काय कल्पित हे सांगितलं आहे का, ते बघावं. चांगले लेखक सांगतात.

एक बॅग, एक चित्रपुस्तक

कॅरन लेव्हिन यांचं 'हॅनाज सूटकेस' (2002) दहा वर्षांपुढे उत्तम. 2000 मध्ये आउशवित्झ संग्रहालयाने टोकियोतल्या एका छोट्या शिक्षणकेंद्राला एक बॅग पाठवली. बॅगेवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: हाना ब्रॅडी, 16 मे 1931, वाइझेनकिंड. शेवटच्या जर्मन शब्दाचा अर्थ अनाथ मूल. केंद्राच्या फुमिको इशिओका या तेवढ्याच धाग्यावरून शोध घेत निघाल्या आणि कॅनडात राहणाऱ्या हानाच्या भावापर्यंत, जॉर्जपर्यंत पोचल्या. एक प्रकरण जपानमधलं, एक चेकोस्लोव्हाकियातलं, अशी आळीपाळीने गोष्ट पुढे सरकते, त्यामुळे दुःखाचा भार वाचकाला पेलतो. हाना चेकोस्लोव्हाकियातल्या टेरेझिनच्या घेटोतून ऑक्टोबर 1944 मध्ये आउशवित्झला नेली गेली. तेरा वर्षांची होती.

पुस्तक निघाल्यानंतर, 2004 मध्ये, जुन्या फोटोशी ताडून पाहताना कुटुंबाच्या लक्षात आलं की ही बॅग मूळची नाही. मूळ बॅग 1984 मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला प्रदर्शनासाठी पाठवली होती, तिथे आगीत जळाली. फोटोवरून प्रतिकृती बनवली गेली होती. मुलांपासून हे लपवू नये. प्रतिकृती आणि थाप यांत काय फरक, हा प्रश्न दहा वर्षांच्या मुलाला छान झेपतो.

टेरेझिनमध्ये मुलांनी स्वतः केलेलं कामही छापलेलं मिळतं. चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रांडाइस तिथे मुलांना चित्रकला शिकवत. कागद मिळेल तो, कार्यालयातले वापरलेले फॉर्मसुद्धा. आउशवित्झला नेलं जाण्याआधी त्यांनी दोन बॅगा भरून चित्रं मागे ठेवली, सुमारे साडेचार हजार. ती आता प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. त्यांतल्या बऱ्याच चित्रांत फुलं, घरं, फुलपाखरं आहेत आणि कोपऱ्यात मुलाचं नाव; नाव घालायला त्या आवर्जून सांगत. एका खोलीतली मुलं 'वेदेम' नावाचं साप्ताहिक काढत. संपादक पेट्र गिन्झ, वय चौदा. एकच प्रत निघे आणि शुक्रवारी संध्याकाळी मोठ्याने वाचली जाई.

आणि एक पुस्तक खरोखर लहान मुलासाठी, तिथेच तयार झालेलं. बेद्रिख फ्रिटा या चित्रकाराने टेरेझिनमध्ये आपल्या मुलाच्या, टोमीच्या, तिसऱ्या वाढदिवसासाठी 22 जानेवारी 1944 ला चित्रांची वही रंगवली. टोमी घेटोतच मोठा होत होता, तेव्हा त्याने न पाहिलेल्या गोष्टी बापाने त्याला काढून दाखवल्या. शेवटी लिहिलं, की तुझ्यासाठी रंगवायच्या लांबलचक पुस्तकमालेतलं हे पहिलं. वही लपवून ठेवली गेली. फ्रिटा आउशवित्झमध्ये मरण पावला, त्याची बायकोही वाचली नाही. सहकारी चित्रकार लिओ हास याने युद्धानंतर वही बाहेर काढली आणि टोमीला दत्तक घेतलं. पाच-सहा वर्षांच्या मुलाला चित्रं नुसती पाहायला देता येतात. बाकीचं नंतर.

मराठीत वाचताना अडणारे शब्द

टायफस म्हणजे टायफॉइड नव्हे. ॲन आणि तिची बहीण मार्गोट यांच्या आजाराला मराठी मजकुरात 'विषमज्वर' म्हटलेलं सापडतं. विषमज्वर दूषित पाण्या-अन्नातून होतो. टायफस उवांमुळे पसरतो. गर्दी, थंडी आणि आंघोळीला पाणी नसणं ही त्याची कारणं. शब्द चुकला की छावणीची अवस्थाच चुकते.

'छळछावणी' हा एकच शब्द सगळ्यांना लावला जातो. बेर्गेन-बेल्सेन छळछावणी होती, तिथे गॅस चेंबर नव्हते; माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेउझेत्स या जागा माणसं मारण्यासाठीच उभारल्या होत्या, त्यांना मृत्युछावणी म्हणावं. आउशवित्झमध्ये दोन्ही होतं. आणि 'पोलंडच्या छावण्या' असं लिहू नये. जर्मनीने व्यापलेल्या पोलंडमध्ये जर्मनांनी त्या चालवल्या.

स्वस्तिकाचं काय करायचं? दारातल्या रांगोळीत रोज दिसणारं चिन्ह मुखपृष्ठावर पाहून मूल विचारणारच. नाझी आपल्या चिन्हाला 'हाकेनक्रॉइझ', हुकांचा क्रूस, म्हणत. लाल झेंड्यावर पांढऱ्या वर्तुळात काळं, बहुधा 45 अंशांत कललेलं. पण न कललेलंही सापडतं, म्हणून 'तिरकं ते त्यांचं, सरळ ते आपलं' हा नियम पूर्ण चालत नाही. जर्मन शब्द वापरला की गोंधळ बराच मिटतो.

वळिवड्याची छावणीही यात मिसळू नये. कोल्हापूरजवळ 1943 ते 1948 या काळात राहिलेले पाचेक हजार पोलिश निर्वासित बहुतांशी कॅथलिक होते आणि सोव्हिएत रशियाने हद्दपार केलेल्या लोकांपैकी होते. त्यांची कहाणी मोठी आहे, पण वेगळी. मराठी मुलाला 'ज्यू' या शब्दाला चेहरा द्यायचा असेल तर कोकणातले बेने इस्राएल जवळचे: शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून 'शनवार तेली' म्हणवले गेलेले, पेणकर-नवगावकर अशी आडनावं लावणारे, घरात मराठी बोलणारे. पुस्तकाच्या आधी दहा मिनिटं हे सांगितलं की पुस्तकातली माणसं परग्रहावरची राहत नाहीत.

प्रत्यक्ष वाचताना

भिंतीवर 1938 चा युरोपचा नकाशा आणि 1933 ते 1945 अशी तेरा रकान्यांची पट्टी, एवढं साहित्य पुरतं. प्रत्येक प्रकरणानंतर एक टाचणी आणि एक नोंद. शेवटचं प्रकरण तासाच्या शेवटी, घंटा होताना वाचू नये. त्यानंतर निदान वीस मिनिटं हातात असावीत, आणि शुक्रवारी-शनिवारी तर नकोच, कारण मूल दोन दिवस ते एकटं घेऊन बसतं.

मुलांना कपड्यावर चांदण्या लावायला देणं, वर्गाचे दोन गट करून एकाला कोपऱ्यात बसवणं, असले खेळ करू नयेत. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालयही शिक्षकांना याविरुद्ध सांगतं. अर्धा तास कोपऱ्यात बसून मुलाला एवढंच कळतं की ते कंटाळवाणं किंवा गमतीचं होतं. प्रेतांच्या ढिगाऱ्यांचे फोटोही या वयात नकोत; मूल मान फिरवतं आणि पुस्तकातलं माणूसही त्या ढिगात हरवतं. 'तू असतास तर काय केलं असतंस?' हा आवडता प्रश्नही बाजूला ठेवावा, त्याला प्रत्येक मूल 'मी वाचवलं असतं' हेच उत्तर देतं. त्याऐवजी विचारावं: फ्रीडरिशच्या इमारतीतल्या त्या तळघरात किती जण होते, आणि दाराची कडी कोणाच्या हाताशी होती?